‘नाही’ म्हणता येत नाही? भिडस्तपणातून बाहेर पडायला ख्रिस्ती विश्वास कशी मदत करतो

समजा, शनिवारी संध्याकाळी मामांचा फोन येतो. “बाळा, पतसंस्थेत कर्ज मंजूर झालंय. जामीनदार म्हणून नुसती एक सही पाहिजे. सोमवारी ये.” मामांचे मागचे दोन हप्ते थकलेत हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या घराचं कर्ज अजून चालू आहे. सही करू नये असं मन सांगतं. तरी तोंडातून निघतं, “हो मामा, येतो की.”

फोन ठेवल्यावर रात्रभर झोप लागत नाही. राग मामांवर येतो आणि त्याहून जास्त स्वतःवर.

नांदेड असो की लातूर, ही गोष्ट बहुतेकांना ओळखीची वाटेल. कधी ती सही असते, कधी लग्नातला आहेर, कधी ऑफिसातल्या सहकाऱ्याचं काम, तर कधी आवडत नसतानाही घेतलेला सायन्सचा प्रवेश. सोशल मीडियावर याला ‘पीपल प्लीजिंग’ म्हणतात. मराठीत यासाठी जुना शब्द आहे : भीड. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हणही आपल्याकडे आहे. भिडेपोटी हो म्हणत राहिलं तर माणूस कफल्लक होतो, हे आपल्या आजी-आजोबांना कुठल्याही रीलशिवाय कळलं होतं.

या सवयीतून सुटण्याचे अनेक मार्ग सांगितले जातात. त्यातला एक ख्रिस्ती विश्वासातून येतो. तो नेमकं काय सांगतो, महाराष्ट्रात तो कुणी जगून दाखवला आणि त्याचा गैरवापर कुठे होतो, ते या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- भिडस्तपणा आणि प्रेमळपणा बाहेरून सारखे दिसतात. फरक कारणात असतो : एकामागे भीती असते, दुसऱ्यामागे आपुलकी.
- बायबल माणसांच्या भीतीला सापळा म्हणतं. पण ‘कुणाचीच पर्वा करू नका’ असंही ते सांगत नाही.
- ख्रिस्ती विचारानुसार सुटकेची सुरुवात ‘नाही’ म्हणण्यापासून होत नाही. आपण आधीच स्वीकारलेले आहोत, या विश्वासापासून होते.
- पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांची आयुष्यं ही याची मराठीतली ठळक उदाहरणं.

भिडस्तपणा म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्याला मदत करणं म्हणजे भिडस्तपणा नाही. शेजारच्या काकूंना दवाखान्यात नेलं, मित्राला नोट्स दिल्या, पाहुण्यांसाठी रात्री उशिरापर्यंत जागलो, यात वावगं काही नाही. प्रश्न येतो तो मदत न करण्याचा पर्यायच आपल्याला दिसत नाही तेव्हा.

ओळखायची एक सोपी खूण आहे. ‘हो’ म्हटल्यावर मनात काय उरतं ते पाहा. आपुलकीनं केलेल्या कामानंतर थकवा येतो, पण कडवटपणा येत नाही. भिडेनं केलेल्या कामानंतर हिशेब सुरू होतो : “मी यांच्यासाठी इतकं केलं, यांनी काय केलं?” दुसरी खूण खोट्या होकाराची. “बघू की”, “करून टाकू”, “पोचतोच आहे” ही वाक्यं आपण अनेकदा समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून बोलतो. ती पाळायची नसतात हे आपल्यालाही ठाऊक असतं. म्हणजे भिडस्तपणा वरवर नम्रता वाटतो, पण त्यात खोटेपणाही मिसळलेला असतो.

हा आजार नाही, सवय आहे. पण ती खोल रुजली तर पैसा, तब्येत, करिअर आणि नाती या सगळ्यांवर परिणाम होतो.

‘नाही’ म्हणणं इतकं अवघड का जातं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५०च्या दशकात एक प्रसिद्ध प्रयोग केला. एका खोलीत काही जणांना रेषा दाखवून, कोणत्या दोन रेषा सारख्या लांबीच्या आहेत ते विचारलं. उत्तर अगदी उघड होतं. पण एक जण सोडून बाकी सगळे आधीच ठरवून आलेले होते आणि ते मुद्दाम चुकीचं उत्तर देत. त्या एकट्या खऱ्या सहभागीचं काय झालं? अशा फेऱ्यांमधली एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं गटाच्या चुकीच्या उत्तरासारखी आली. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटामागे गेले.

डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेबद्दल, तेही अनोळखी माणसांसमोर ही गत असेल, तर मामा, काका, गल्ली आणि जात-बिरादरी समोर असताना काय होत असेल?

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. गटातल्या फक्त एकानं वेगळं, बरोबर उत्तर दिलं, की बळी पडण्याचं प्रमाण एकदम घसरायचं. एक सोबती पुरेसा होता. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

नांदेड-लातूरसारख्या शहरांत या दबावाला आणखी पदर आहेत. इथे माणूस निनावी राहत नाही. आडनाव सांगितलं की गाव निघतं, गाव निघालं की नातं निघतं. हाच जिव्हाळा अडीअडचणीला धावून येतो, म्हणूनच तो तोडायची भीती खरी असते. त्यात शिकवण्यांचं वातावरण. ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातून मुलं इथे येतात, आणि त्यातल्या काहींच्या मनात ‘मला डॉक्टर व्हायचंय’ आणि ‘घरच्यांना मी डॉक्टर झालेला हवाय’ या दोन वाक्यांतली सीमारेषा कधीच पुसली गेलेली असते.

ख्रिस्ती कुटुंबांवर हा दबाव दुहेरी असतो. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्यापेक्षा थोडी कमी. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे प्रमाण त्याहूनही बरंच कमी आहे. इतक्या लहान समाजात बाहेरच्यांना आपण खटकू नये ही काळजी असते, आणि मंडळीतही प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत असतं. रविवारी उपासनेला कोण आलं नाही, नाताळच्या वर्गणीत कुणी किती दिले, कुणाच्या मुलीचं लग्न कुठे जमलं, यावर लक्ष असतंच.

इथे एक फरक नोंदवायला हवा. प्रत्येक गप्प बसणं म्हणजे भिडस्तपणा नव्हे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्ध दलितांना मिळतो, ख्रिस्ती दलितांना मिळत नाही. एखादं कुटुंब आपल्या श्रद्धेबद्दल उघड बोलत नसेल, तर त्यामागे शिक्षण आणि नोकरीचा प्रश्न असू शकतो. पोटाच्या भीतीला आणि ‘लोक काय म्हणतील’च्या भीतीला एकाच तराजूत तोलणं अन्यायाचं ठरेल.

बायबलमध्ये याबद्दल काय आहे?

बायबलमध्ये भिडेला बळी पडलेल्या माणसांची लांब यादी आहे, आणि त्यात मोठमोठी नावं आहेत.

राजा शौल. देवाची आज्ञा मोडल्यावर शमुवेल संदेष्टा त्याला जाब विचारतो, तेव्हा शौल कबूल करतो की तो लोकांना घाबरला आणि त्यांचं ऐकलं (१ शमुवेल १५:२४). देशाचा राजा, पण निर्णय गर्दीचा.

रोमी सुभेदार पिलात. येशूला शिक्षा देण्यासारखं काही सापडत नाही हे त्याला दिसत होतं. तरी मार्कचं शुभवर्तमान सांगतं की जमावाला खूश करण्यासाठी त्यानं येशूला वधस्तंभावर देण्यासाठी सोपवलं (मार्क १५:१५). ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या घटनेत एका माणसाचा भिडस्तपणा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

येशूवर मनातून विश्वास ठेवणारे काही अधिकारी. सभास्थानातून बाहेर काढतील या भीतीनं ते उघड बोलले नाहीत. देवाकडून मिळणाऱ्या मानापेक्षा माणसांकडून मिळणारा मान त्यांना प्रिय होता, असं योहान लिहितो (योहान १२:४२-४३).

आणि पेत्र. येशूचा जवळचा शिष्य. अंत्युखियात तो यहूदी नसलेल्या ख्रिस्ती बांधवांसोबत एका पंगतीत जेवत असे. पण यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूच बाजूला झाला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बर्णबाही वाहवला. तेव्हा पौलानं सर्वांसमोर त्याला त्याची चूक दाखवली (गलतीकरांस २:११-१४). कोण कुणाच्या पंगतीला बसतो, हा प्रश्न मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

याच पत्राच्या सुरुवातीला पौल स्वतःबद्दल सांगतो, की तो अजूनही माणसांना खूश करत बसला असता तर त्याला ख्रिस्ताचा दास म्हणवता आलं नसतं (गलतीकरांस १:१०). नीतिसूत्रांचं पुस्तक तर माणसाच्या भीतीला थेट फास म्हणतं (नीतिसूत्रे २९:२५).

मग सुटका कशी होते?

इथे ख्रिस्ती विचार सेल्फ-हेल्पच्या नेहमीच्या सल्ल्यापासून वेगळा होतो. ‘स्वतःवर प्रेम करा, सीमा आखा, लोकांना ब्लॉक करा’ असा सल्ला आपण रोज वाचतो. त्यात उपयोगाचं काही आहेच. पण मूळ भूक तशीच राहिली, तर माणूस एका गटाला खूश करणं सोडून दुसऱ्या गटाला खूश करायला लागतो. नातेवाईकांच्या जागी फॉलोअर्स येतात, एवढंच.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय क्रमानं वाचला तर ख्रिस्ती उत्तर नीट दिसतं.

आधी येशूचा बाप्तिस्मा होतो, आणि आकाशातून पित्याचा आवाज येतो, की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्यावर मी संतुष्ट आहे (मार्क १:९-११). लक्षात घ्या, मार्कच्या वृत्तान्तात तोपर्यंत येशूनं एकही चमत्कार केलेला नाही, एकही उपदेश दिलेला नाही. पसंती कामाच्या आधी मिळते.

मग तो कफर्णहूमात अनेकांना बरं करतो. संध्याकाळी सारं गाव दाराशी जमतं. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू एकांतात जाऊन प्रार्थना करतो. शिष्य शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुम्हाला शोधत आहेत. येशू उत्तर देतो की आपण आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ, कारण मी त्यासाठीच आलो आहे (मार्क १:३५-३८).

दाराशी थांबलेली माणसं वाईट नव्हती. त्यांची गरजही खोटी नव्हती. तरी येशूनं त्यांना त्या दिवशी ‘नाही’ म्हटलं. हे त्याला जमलं कारण गावाच्या पसंतीवर तो अवलंबून नव्हता आणि आपण कशासाठी आलो हे त्याला स्पष्ट होतं.

ख्रिस्ती विश्वासात याला कृपा म्हणतात. देवाची पसंती कमवावी लागत नाही, ती दिलेली असते. हे मनात मुरलं की माणसांची पसंती चांगली वाटते, पण तिच्यावाचून जीव जात नाही. हे एका रात्रीत होत नाही. म्हणूनच रोजची प्रार्थना, वचन वाचणं आणि विश्वासू माणसांची सोबत यांना महत्त्व दिलं जातं. ॲश यांच्या प्रयोगातला तो ‘एक सोबती’ आठवा. चांगली मंडळी नेमकं हेच काम करते.

महाराष्ट्रात हे कुणी करून दाखवलं?

चहाचा पेला आणि प्रायश्चित्त. आधी एक उलटं उदाहरण. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. गोपाळराव जोशी यांच्या पुढाकारानं शहरातली अनेक नामवंत मंडळी तिथे गेली. त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. मिशनऱ्यांकडून चहा आला. काहींनी घेतला, काहींनी नाही. नंतर उपस्थितांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडे यांनी सुरुवातीला दाद दिली नाही, पण १८९२मध्ये त्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. आपल्या हट्टापायी मित्रांच्या घरी त्रास होऊ नये, हे त्यामागचं कारण रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून समजतं. सुधारकांनी मात्र त्यांच्यावर बरीच टीका केली. एका चहाच्या पेल्यानं त्या काळच्या सर्वांत बुद्धिमान माणसांची इतकी अडचण केली, यावरून समाजाच्या धाकाची कल्पना यावी.

पंडिता रमाबाई. १८५८मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृतच्या व्यासंगामुळे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. पण आता त्या निदान इंग्रज धर्मगुरूंना तरी खूश ठेवतील, असं कुणाला वाटलं असेल तर तेही चुकलं. ज्यांच्या आश्रयानं त्या राहत होत्या त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. चर्च सांगतं म्हणून एखादी गोष्ट डोळे झाकून मानायला रमाबाईंनी नकार दिला. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं बिशपांचं मत त्यांच्यापर्यंत आलं, तेव्हा त्यांनी त्यालाही खडा विरोध केला. एका जोखडातून सुटून दुसरं जोखड मानेवर घ्यायचं नाही, हा त्यांचा पवित्रा होता.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. १८९३मध्ये सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. स्वतःच्या प्रार्थनेचं दार बंद करायला रमाबाई तयार झाल्या नाहीत. याची किंमत त्यांनी मोजली. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, १८९६-९७च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली-बायकांना तिथे आसरा मिळाला, आणि ते काम आजही चालू आहे.

लक्ष्मीबाई टिळक. कवी नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना मोठा धक्का बसला. दोघं काही वर्षं वेगळे राहिले. नंतर त्या पतीजवळ राहायला आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतंत्र स्वयंपाक, सोवळं-ओवळं सांभाळत राहिल्या. जातिभेदाबद्दल त्यांनी स्वतः विचार केला, स्वतःशी वाद घातला आणि टिळकांनंतर सुमारे पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याला खूश करायला त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, आणि माहेरच्यांना खूश ठेवायला थांबूनही राहिल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं.

जालन्याचे नारायण शेषाद्री. मराठवाड्यातलं उदाहरण हवं असेल तर ते हे. ब्राह्मण कुटुंबातल्या शेषाद्री यांनी १८४३मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या राज्यातल्या जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. त्याला न्यायालयानं वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावरून मोठा वाद पेटला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. म्हणजे गर्दीविरुद्ध उभं राहण्याची हिंमत काही एकाच धर्माची मक्तेदारी नव्हे.

मग सगळ्यांचं मन राखणं चूकच का?

नाही. आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो. जो पौल माणसांना खूश करायला नकार देतो, तोच दुसरीकडे सांगतो की प्रत्येकानं शेजाऱ्याला त्याच्या भल्यासाठी, त्याच्या उन्नतीसाठी संतुष्ट करावं (रोमकरांस १५:२). स्वतःचं हित न पाहता आपण सर्वांना संतोष देतो, असंही तो लिहितो (१ करिंथकरांस १०:३३).

दोन्हींचा मेळ ‘कुणाच्या भल्यासाठी?’ या प्रश्नात आहे. समोरच्याचं भलं होत असेल तर स्वतःची गैरसोय सोसून केलेलं काम म्हणजे प्रेम. समोरच्यानं आपल्याला चांगलं म्हणावं म्हणून, त्याचं नुकसान होत असतानाही केलेलं काम म्हणजे भीड. रानडे यांच्या प्रायश्चित्ताबद्दल आजही दोन मतं होतात ती याचमुळे : ती माघार भीतीची होती की मित्रांवरच्या मायेची? बाहेरून ठरवणं अवघड. स्वतःच्या बाबतीत मात्र आपल्याला उत्तर बहुधा माहीत असतं.

येशूनं सांगितलेली दोन मुलांची गोष्ट इथे उपयोगी पडते. बाप दोघांना मळ्यात जायला सांगतो. एक ‘नाही’ म्हणतो, पण नंतर पस्तावून जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जातच नाही (मत्तय २१:२८-३१). आपण बहुतेक वेळा दुसऱ्या मुलासारखे वागतो, आणि त्यालाच संस्कार समजतो.

जामीनकीच्या सहीचं काय करायचं?

सुरुवातीच्या मामांकडे परत येऊ. ‘नुसती सही’ ही नुसती कधीच नसते. भारतीय करार कायदा १८७२च्या कलम १२८नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं काही नसेल, तर कर्ज थकल्यावर पूर्ण वसुली तुमच्याकडून होऊ शकते. तुमच्या क्रेडिट रिपोर्टवरही ती जबाबदारी दिसू शकते आणि उद्या तुम्हालाच कर्ज मिळताना अडचण येऊ शकते.

गंमत म्हणजे बायबलमध्ये नेमक्या या विषयावर सल्ला आहे, तोही एकदा नाही तर अनेकदा. नीतिसूत्रे १७:१८ आणि २२:२६-२७मध्ये जामीन राहण्याविरुद्ध इशारा आहे. फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूणही जाईल, असं तिथे बजावलंय. आणि आधीच शब्द देऊन बसला असाल तर? नीतिसूत्रे ६:१-५ सांगतं की झोपू नका, लगेच त्या माणसाकडे जा, नम्र होऊन विनवणी करा आणि शिकाऱ्याच्या हातून हरीण सुटतं तसं स्वतःला सोडवा.

म्हणजे दिलेला शब्द मागे घेणं नेहमीच अधर्म नसतो. सही व्हायच्या आधी प्रामाणिकपणे ‘चूक झाली, मला जमणार नाही’ म्हणणं, हे सही करून नंतर मामांचा फोन न उचलण्यापेक्षा कितीतरी बरं. मामा चिडतील, कदाचित दिवाळीला येणारही नाहीत. पण सहीनंतर हप्ते थकले तर नातं त्याहून वाईट रीतीनं तुटतं.

प्रत्यक्षात ‘नाही’ कसं म्हणायचं?

१. वेळ मागा. भिडस्त माणसाचा होकार पहिल्या दहा सेकंदांत निघतो. “मामा, उद्या संध्याकाळी सांगतो” एवढं वाक्य पाठ करून ठेवा. आणि उद्या संध्याकाळी खरंच सांगा.

२. स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात त्यांचं खरं भलं आहे का? मी हे कुणी बघत नसतानाही केलं असतं का? हे केल्यावर मनात कडवटपणा राहील का? श्रद्धावान असाल तर हे प्रश्न प्रार्थनेत देवासमोर ठेवा.

३. एका माणसाला सांगा. पाळक, मैत्रीण, मोठी बहीण, जिच्याशी मोकळं बोलता येईल अशी एक व्यक्ती. निर्णय तुमचाच, पण एकटेपणा कमी होतो.

४. खोटं कारण देऊ नका. “घरी पाहुणे आहेत” म्हटलं की पाहुणे गेल्यावर मागणी परत येते. येशूचा सल्ला सरळ आहे : होय असेल तर होय म्हणा, नाही असेल तर नाही (मत्तय ५:३७).

५. मान ठेवून, थोडक्यात बोला. “मामा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मी जामीन राहू शकत नाही. कागदपत्रांसाठी धावपळ करायची असेल तर मी येतो.” नकारासोबत खरी, झेपणारी मदत देता आली तर जरूर द्या. नाही देता आली तरी नकार खरा राहतो.

६. पहिली नाराजी सहन करा. इतकी वर्षं ‘हो’ ऐकलेल्या माणसाला ‘नाही’ टोचणारच. लगेच फोन करून निर्णय फिरवू नका.

७. लहान गोष्टींपासून सुरू करा. नको असलेल्या ग्रुपमधून बाहेर पडणं, तिसरी चपाती नाकारणं, आवडलेली नसलेली पोस्ट लाइक न करणं. सराव इथेच होतो.

सावध राहण्याच्या जागा

विश्वासाचा वापर भिडस्तपणा वाढवायलाही होतो. ‘ख्रिस्ती माणूस कधी नाही म्हणत नाही’, ‘सेवा आहे, तक्रार कशाला’, ‘दुसरा गाल पुढे कर’ अशा शब्दांत तरुणांकडून फुकट राबवून घेतलं जातं, किंवा मार खाणाऱ्या बाईला गप्प बसवलं जातं. हा बायबलचा अर्थ नव्हे. येशूनं स्वतः मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हाकललं, धर्मपुढाऱ्यांना तोंडावर सुनावलं. पाळकांना प्रश्न विचारणं म्हणजे देवाला प्रश्न विचारणं नव्हे, हे रमाबाईंनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवून दिलं.

उलटी चूकही होते. ‘मी फक्त देवाला उत्तर देतो’ म्हणत उद्धट होणं, आई-वडिलांचं औषधपाणी टाळणं, जबाबदारी झटकणं. भीड गेली आणि प्रेमही गेलं, तर ते काही सुटणं नव्हे.

शिवाय घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर प्रश्न भिडस्तपणाचा नसतो, सुरक्षिततेचा असतो. तिथे ‘हिंमत करून नाही म्हणा’ हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. सतत धास्ती, झोप न लागणं, जगणं नकोसं वाटणं असं काही असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. ताप आल्यावर आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो.

शेवटी

‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ असं आपण म्हणतो. ख्रिस्ती विश्वास त्यात एक प्रश्न घालतो : हे मन आधी कुणाचं ऐकतं? ज्याला आपल्याकडून काहीही मिळवायचं नाही आणि तरी जो आपल्याला आपलं म्हणतो, त्याचा आवाज आधी ऐकला तर जनांचं ऐकूनही घाबरायला होत नाही, असं हा विश्वास सांगतो. तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, पुढच्या वेळी “हो, येतो की” जिभेवर येईल तेव्हा एक क्षण थांबून बघा : हा होकार मायेचा आहे की भीतीचा?

मामांना फोन करायला अजून रविवार आहे.